हौद्यात बूट

२९ जुलै

ही वही जोर-बैठकांची हाय. तालमीतल्या कुठल्या पोरानं किती जोर मारले, किती बैठका काढल्या, ते रोज हिच्यात लिहायचं. एकतीस वर्षं मी, पिराजी वस्ताद, हेच लिहीत आलोय. आज दुसरं लिहितोय, कारण शबनूरनं सांगितलंय. शबनूर म्हणजे तालमीतल्या माझ्या चमनची पोरगी, सरकारी दवाखान्यात नर्स हाय. पूर आल्यापासनं आमची अख्खी गल्ली शाळेच्या छावणीत हाय, तिथं ती औषधं द्यायला येती. मला म्हणली, "काका, चार दिवस झालं तुम्ही कुणाशी बोलला न्हाईसा. बोलू नका, पण लिवा तरी."

काय लिवू? पाणी घरात गुडघ्याला लागलं तवा होडीवाले म्हणले, माणशी एकच पिशवी. सून क्रांतीनं कागदपत्रं घेतली, नातीचं दप्तर घेतलं. होडी सुटल्यावर तिनं मला विचारलं, "मामा, आत्तींचा फोटो घेतलासा?" माझी तानाबाई जाऊन सहा वर्षं झाली. तिचा एकच मोठा फोटो होता, भिंतीवर. मी छातीला ही वही धरून बसलो होतो.

तवापासून तोंडातनं शब्द फुटंना. माणसं हाक मारतात ते ऐकू येतं, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी मारतात असं वाटतं.

जोर – न्हाय. बैठका – न्हाय.

३० जुलै

पाणी उतरलं. चमनला घेऊन तालमीत गेलो.

चमन आणि मी एकाच वर्षी तालमीत आलो, सोळाव्या वर्षी. मी वस्ताद झालो, तेनं कुस्तीच्या हौद्याची माती सांभाळली, पैलवानांचं मालिश सांभाळलं. मोहरमला आमच्या तालमीत पंजे बसतात, तेची तयारी तेच्याकडं आणि मारुतीची दिवाबत्ती बी तेच्याकडंच. मला सख्खा भाऊ न्हाय. असता तर चमनएवढा ऐकणारा नसता.

दार ढकललं आणि मी उंबऱ्यावरच बसलो. हौदा दिसंना. जिथं तांबडी माती असायची तिथं काळा राडा, नुसता चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी चप्पल, दोन मेलेल्या घुशी. मारुतीच्या कोनाड्याच्या वर हातभर पाण्याची रेघ. २०१९ ला पाणी हौद्याच्या काठाला लागून माघारी गेलं होतं, आम्ही नारळ फोडला होता. ह्या वेळी गेलंच न्हाय माघारी.

ही माती माझ्या वस्तादांच्या वस्तादांपासूनची. दरसाल नवी मिसळायची, जुनी काढायची न्हाय. हळद, कापूर, लिंबू, तेल, ताक, किती पिढ्यांचं तिच्यात मुरलंय. खरचटलं की हीच लावायची, दुसऱ्या दिवशी खपली. मी त्या काळ्या राड्याकडं बघत बसलो. 

चमन आत गेला. काठावर बसून तेनं कोपरापर्यंत हात घातला, तळातनं मूठभर काढली, वास घेतला. म्हणला, "खाली जिती हाय रं, पिराजी."

मी म्हणलो, "मग काढू की."

पाच दिवसांत हे माझं पहिलं बोलणं.

१ ऑगस्ट

शबनूरची ड्युटी उद्यापासनं शिरोळकडच्या पूरगावात लागलीय. जाता जाता आम्हाला दोघांस्नी दोन-दोन गोळ्या दिल्या. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं, ते जखमेतनं अंगात गेलं की ताप येतो म्हणं. आधी ह्या दोन, पुढच्या आठवड्यात दवाखान्यातनं आणून परत दोन. शिवाय गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एकेक जोड.

चमन पाणी आणायला गेला तशी ती माझ्याजवळ आली. "अब्बांस्नी साखर हाय काका. पायाला भेगा पडल्यात, टोचलेलं बी कळत न्हाय. माझं काय ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतात. बुटाशिवाय चिखलात उतरू देऊ नका."

मी म्हणलो, "बरं."

२ ऑगस्ट

काम काढलं. राजवीर आणि बाकीची पोरं मिळून अकराजण आले. राजवीर माझ्या हाताखाली तयार झालेला गडी, आता कागलच्या एमआयडीसीत कामाला हाय, सुट्टी टाकून आला.

तोंडाला फडकी बांधून सगळे तयार. बघतो तर चमन बूट घालून हौद्यात उतरलेला. माझं टाळकंच सरकलं. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या मातीत मी चप्पल बघितली न्हवती. पुरानं आणून टाकलेली तेवढी एक.

"चमन, बूट काढ."

"शबनूर म्हणलीया..."

"शबनूर कधी हौद्यात उतरलीया का? वस्तादांची माती हाय ही. बूट काढ."

तेनं माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. काठावर बसला, बूट काढले, फडक्यानं पुसून दाराशेजारी नीट जोडीनं ठेवले. मग पोरांनी बी आपापलं पायातलं काढलं. सगळे अनवाणी उतरले. मला लई बरं वाटलं. म्हणलं, गेलं न्हाय सगळं.

दुपारी भाकरी खाऊन चमननं गोळ्या काढल्या. "खाऊया काय?" मी म्हणलो, "मातीत घाम गाळ, तेच औषध. पैलवान कधी गोळ्या खातो व्हय?" पोरं हसली. चमन बी हसला. गोळ्यांचं पाकीट मारुतीच्या कोनाड्यात ठेवलं आणि म्हणला, "ह्येला लागतील, लई भिजलाय."

माझ्या गोळ्या क्रांतीनं रात्रीच्या ताटात ठेवल्या होत्या. "गिळल्याशिवाय मी हलणार न्हाय मामा." तिच्यापुढं काय चालतंय. गिळल्या. चमनला सांगणार न्हाय, वर्षभर चिडवंल.

जोर – १०. बैठका – २०.

५ ऑगस्ट

वरचा राडा निघाला. खाली खरंच तांबडी माती लागली. हातात घेतली आणि मी रडलो, सगळ्या पोरांपुढं. लाज वाटली न्हाय.

चमनच्या टाचेत काच गेली. तेला कळलंच न्हाय, मागनं येणाऱ्या राजवीरला रक्त दिसलं. मी स्वतः तळाची माती काढून जखमेत भरली, वरनं फडकं बांधलं. "दुखतंय काय रं?" तर म्हणला, "गुदगुल्या बी होईनात." लगेच परत खोरं घेतलं हातात.

काल झोप लागली. पूर आला तवा वाटलं होतं, आता कशासाठी उठायचं सकाळी? आता कळतंय. माती वाचवायला वाचलोय मी.

जोर – २५. बैठका – ५०.

११ ऑगस्ट

दोन दिवस चमन आला न्हाय. छावणी उठलीय, तेच्या घरी गेलो. ताप हाय, डोळे लालभडक. राड्याची खाज उठली असंल. पिंढऱ्या दुखतात म्हणतोय. मी म्हणलो, इतक्या वर्षांनी अंग मोडून काम केल्यावर दुखणारच की. तेल लावून चोळाय गेलो, तर ओरडला. चमनला ओरडताना मी कधी ऐकलं न्हाय. खांदा निखळला होता तवा बी न्हाय.

"शबनूरला फोन करू?" तर म्हणला, "नको. तिकडं तिलाच जेवायला मिळंना. दोन दिवसांत उठतो." मला पटलं.

दुसऱ्या आठवड्याच्या गोळ्या राहिल्या. क्रांती माहेरी गेलीय, माझ्या ध्यानात आलं न्हाय.

१२ ऑगस्ट

चमनचे डोळे पिवळे झालेत. हळद फासल्यागत.

कावीळ. मला माहीत हाय कावीळ. राजवीरच्या गाडीवर मधी बसवून कोडोलीला नेलं, तिथं एकजण काविळीची माळ बांधतो. मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरंल तशी ती लांब होत गळ्यात येती. बांधून आणली. तेल-मीठ बंद, उसाचा रस चालू.

येताना चमन गाडीवर दोनदा कलला. म्हणला, सकाळपासनं लघवीला झालं न्हाय. मी म्हणलो, पाणी पीत न्हाईस, होणार कुठनं?

१३ ऑगस्ट

हात चालत न्हाय लिवायला.

क्रांती माहेरनं आली ती थेट चमनकडं डबा घेऊन गेली. आत गेली आणि लगेच बाहेर येऊन फोन लावला. पयला शबनूरला, मग दवाखान्याच्या गाडीला. माझ्याकडं बघून एवढंच म्हणली, "मामा, तुम्ही कसलं ओ हे?"

दवाखान्यात चमनला आत नेलं. गळ्यातली माळ नर्सनं कात्रीनं कापली आणि माझ्या हातात दिली. एक डॉक्टर बाई आल्या, तरणीताठी. म्हणल्या, किडनी बंद पडत आलीय.

किडनी. मी म्हणलो, "न्हाय ओ बाई, कावीळ हाय." त्या तशाच आत गेल्या.

संध्याकाळी शबनूर आली. शिरोळहून तशीच, साडीला चिखल, पायात बूट. डॉक्टरबाई तिच्याशी बोलल्या. मग ती माझ्याकडं आली. "काका, अब्बांनी बूट घातले होते न्हवं?"

मी म्हणलो, "व्हय."

"गोळ्या घेतल्या होत्या?"

"घेतल्या की."

ती आत जाऊन डॉक्टरबाईंस्नी तेच सांगून आली. गोळ्या घेतल्यात, बूट होते. बाई म्हणल्या, मग दुसरं कारण बघायला पायजे, रिपोर्ट सकाळी येतील.

मी खोटं बोललो. एकदा न्हाय, दोनदा. तोंडातनं आपोआप आलं. पूर आल्यावर पाच दिवस ज्या तोंडातनं शब्द फुटंना, त्यातनं खोटं कसं पटकन निघालं.

१४ ऑगस्ट

पहाटे तालमीत गेलो. कशाला ते माहीत न्हाय, पाय गेले. दाराशेजारी तेचे बूट तसेच होते, पुसलेले, जोडीनं. कोनाड्यात गोळ्यांचं पाकीट. दोन्ही गोळ्या आत.

मी ते पाकीट धरून उभा राहिलो. मारुतीकडं बघायचं धाडस झालं न्हाय.  तसाच दवाखान्यात गेलो.

शबनूर बाकावर बसली होती. पाकीट तिच्या हातात दिलं. म्हणलो, "खाल्ल्या न्हाईत. मी खाऊ दिल्या न्हाईत. बूट बी मीच काढायला लावले. टाचेत काच गेली, त्यात मी माती भरली."

तिनं आतल्या गोळ्या मोजल्या. मग विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही घेतल्या होत्या?"

"व्हय."

एकच चिखल. एकच दिवस. मी तिच्यापुढं धडधाकट उभा होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली आणि धावत आत गेली. डॉक्टरबाईंचा आवाज बाहेर आला, "हे काल का सांगितलं नाही?" मग पळापळ झाली. तासाभरानं राजवीरनं येऊन सांगितलं, इंजेक्शन बदललं, आता मशीन लावून रक्त धुणार. उंदराचाच ताप हाय. शबनूर परत आली आणि दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली.

१६ ऑगस्ट

दोनदा मशीन लावली. चमन कुणाला ओळखत न्हाय. काचेतनं बघितलं, नळ्याच नळ्या. पाय तेवढे पांघरुणाच्या बाहेर. टाचेला पांढरी पट्टी.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असतो. घरी गेलो तर अन्न जात न्हाय. राजवीर म्हणला, "वस्ताद, तुम्हाला कुठं माहीत होतं?" मी म्हणलो, "मला सांगितलं होतं."  हेच खरं हाय. न कळता केलं न्हाय मी. मला सांगितलं होतं, मी "बरं" म्हणलो होतो.

दुपारी शबनूर बाहेर आली. हातात पाण्याचा ग्लास आणि दोन गोळ्या.

"तुमच्या गेल्या आठवड्याच्या राहिल्यात. अकराही पोरांस्नी बोलवून घ्या, सगळ्यांचं रक्त तपासायचंय."

मी हात पुढं केला न्हाय. कसल्या तोंडानं करणार?

"मी तुम्हाला माफ केलेलं न्हाय, काका," ती म्हणली. "तोंड उघडा."

उघडलं. तिनं गोळ्या जिभेवर ठेवल्या, पाणी पाजलं, गिळल्या का ते बघितलं, आणि माघारी गेली.

१८ ऑगस्ट

पोरांचे रिपोर्ट आले. दोघांस्नी थोडा ताप निघाला, औषधावर हायत, भिण्यासारखं न्हाय. दोघांच्या बी घरी जाऊन त्यांच्या आयांस्नी मी स्वतः सांगितलं, बूट मी काढायला लावले म्हणून. एकीनं चहा दिला. एकीनं दारातनं आत घेतलं न्हाय. बरोबर केलं तिनं.

२१ ऑगस्ट

चमनला लघवी झाली. सकाळी शबनूर बाहेर येऊन म्हणली, "दोनशे मिली," आणि भिंतीला टेकून रडाय लागली. जोर-बैठकांच्या वहीत असलं काय लिवीन असं वाटलं न्हवतं. चमन, दोनशे मिली. कुठल्या कुस्तीला मला असा आनंद झाला न्हाय.

२४ ऑगस्ट

पाच मिनिटं आत सोडलं. निम्मा झालाय. मला बघून पहिलं काय विचारावं? "मातीला पाणी मारतोयस न्हवं? वाळंल."

 मग मी तेच्या पायाकडं बघत सगळं सांगितलं. खोटं बोललो ते बी.

  चमन म्हणला, "शबनूर म्हणली तू गोळ्या खाल्ल्यास."

"क्रांती समोर उभी होती."

"मला सांगायचं होतंस की," चमन म्हणला. "मी बी हळूच खाल्ल्या असत्या."

त्याच्यापुढं मला काय ऐकू आलं न्हाय. नर्सनं खांद्याला धरून बाहेर आणलं तवा कळलं की पाच मिनिटं संपली.

अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या हुकमाबाहेर गेला न्हवता, आणि मला वाटत होतं तो नुसता हसतोय.

९ सप्टेंबर

चमन घरी आला. मशीन सुटली. दर आठवड्याला रक्त तपासायचं. रोज सकाळी मी जातो, तेचे पाय कोमट पाण्यानं धुतो, आरशानं तळवे बघतो, काय टोचलंय का. शबनूरनं शिकवलं कसं बघायचं. ती माझ्याशी बोलती, पण कामापुरतं. "भेगेत मलम भरा, काका." भरतो.

माझी बी तपासणी केली तिनं. बीपी वाढलेलं निघालं. गोळी चालू हाय. आता माझी गोळी आणि चमनची गोळी आम्ही एकाच वेळी, एकमेकांसमोर घेतो. कोण हसत न्हाय.

तालमीची बैठक झाली. सगळे म्हणले, जुनी माती धुऊन, वाळवून ठेवू, वस्तादांची ठेव हाय. मी म्हणलो, सगळी काढायची. तळापर्यंत. लोक माझ्याकडं बघाय लागले. एकजण म्हणला, वस्ताद, पुरानं तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. व्हय, झालाय. मी म्हणलो, माती परत आणता येती.

२१ सप्टेंबर

आज हौदा उपसला.

दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी हाय, माझ्याच अक्षरातली. खाली सोळा पोरं उभी. कुणी आत जाईना. सगळ्यांच्या पायात रबरी बूट, शबनूरनं समोर उभं राहून घालाय लावलेले, पण उंबरा ओलांडायचं कुणाला जमंना. राजवीरसारखा गडी नुसता खाली बघत होता.

चमन रिक्षातनं आला. दारासमोर, गल्लीच्या पलीकडच्या कट्ट्यावर तेला खुर्ची टाकून दिली. आत यायची परवानगी न्हाय.

माझे स्वतःचे बूट होते घरी. पण मी दाराशेजारचे चमनचे घातले, पुसून ठेवलेले. थोडे घट्ट होतात. मारुतीला हात जोडले आणि हौद्यात उतरलो. पहिलं पाऊल पडलं. खाली ती माती, वर रबर. 

तेवढ्यात पलीकडनं आवाज आला.

"पिराजी, बूट काढ."

माझ्याच आवाजात. माझ्याच ठसक्यात. आणि खरं सांगतो, माझा हात बुटाकडं गेला. वाकलो सुद्धा. मग वर बघितलं तर चमन खुर्चीत हसत होता, खांदे हलत होते, शबनूर तेच्या मागं उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. पूर आल्यापासनं माझ्यासमोर हसली ती आज.

मला हसता आलं न्हाय. डोळ्यापुढचं दिसेनासं झालं.

"काढणार न्हाय," म्हणलो, आणि पहिलं खोरं मारलं. मग पोरं आत आली.

जोर – न्हाय. बैठका – न्हाय. बूट – सतरा जोड.